एक वीत आखूड चादरी

आधी आक्कांचं सांगते. निपाणीत मी ज्या खोलीत राहते, माझी मुलगी ज्या शाळेत जाते आणि मंगल कार्यालयातल्या गाद्यांच्या खोलीची जी किल्ली माझ्या कमरेला असते, ते सगळं आक्कांमुळे टिकलं. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत, गावच्या नाहीत, जातीच्याही नाहीत. कार्यालयात इस्त्री आणि शिवणटिपण करायला येतात. त्यांनी मला वाचवलं त्याच्या महिनाभर आधीच मी मॅनेजर अण्णांच्या कानाला लागले होते, की आक्कांच्या पिशवीवर जरा लक्ष ठेवा. दोन्ही गोष्टी एकदमच सांगितलेल्या बऱ्या. नुसती पहिली सांगितली तर मी फार भली बाई वाटेन.

माझं गाव परभणीकडचं. आठवीत शाळा सुटली. दिवाळी झाली की आमची टोळी ऊस तोडायला इकडं यायची, निपाणी-चिकोडीच्या पट्ट्यात. वर्षातले पाच-सहा महिने फडात गेल्यावर शाळा कुठली? लग्नही टोळीतच ठरलं. पुढं नवरा कारखान्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर लागला आणि आम्ही इकडंच राहिलो. मग मला या कार्यालयात काम मिळालं, आणि कामाबरोबर मागच्या अंगाला एक खोली. खोली होती म्हणून पत्ता होता, पत्ता होता म्हणून मुलीचं शाळेत नाव लागलं. खोली गेली असती तर आम्ही परत फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीत, आणि मुलगी माझ्यासारखी. भीती एवढीच होती, पण सकाळी माझ्या आधी तीच उठून बसलेली असायची.

त्या भीतीनं मी सगळ्यांवर संशय घ्यायला लागले. कामही तसलंच होतं म्हणा. लग्नाच्या आदल्या दिवशी वऱ्हाड उतरतं. मुलीकडचे म्हणतात, मुलाकडच्यांना जाड गाद्या दिल्या. मुलाकडचे येऊन आमच्याच समोर उशा मोजतात. जाताना कुणाच्या बॅगेत टॉवेल जातो, कुणाच्या बॅगेत उशीचा अभ्रा. मी दारात उभी राहून नमस्कार करायची आणि नजर बॅगांच्या पोटावर ठेवायची. खोलीला कुलूप लावलं की दोनदा ओढून बघायची, जिन्यापर्यंत जायची, परत येऊन तिसऱ्यांदा ओढायची. अण्णा मला नावानं हाक मारत नाहीत, गावावरून मारतात. "काय परभणी, कुलूप हाय का जाग्यावर? का पळालं?"

आक्का साठीच्या पुढच्या. सासर बेळगावच्या वडगावातलं, विणकराचं घर. उभा जन्म त्यांनी कांड्या भरल्या, म्हणजे मागाच्या धोट्यात घालायच्या नळीवर सूत गुंडाळून द्यायचं. आधी हातमाग होता, मग विजेचा आला, मग तोही विकला. यजमान वारले, तशा त्या लेकीकडं निपाणीला आल्या. इकडच्या बायका बोलताना "मी जातो, मी करतो" म्हणतात, तशाच त्याही म्हणतात. सुरुवातीला मला हसू यायचं. मराठीतून कन्नडात आणि कन्नडातून मराठीत त्या कधी गेल्या ते कळायचंही नाही. मला कन्नड बाजारापुरतं येतं. त्यामुळं माझ्यासमोर कुणी कन्नडात हसलं की मला वाटायचं, माझ्यावरच हसले.

त्या वर्षी तुळशीच्या लग्नाआधी मालकांनी नव्या चादरी घ्यायला सांगितल्या. मालक राहतात बेळगावात, सोमवारी इकडं येतात. अण्णा म्हणाले, "घालतीस तू, उचलतीस तू, निवड बी तूच कर." कापडवाला टेम्पोतून दोन नमुने घेऊन आला. एक चादर फिकट, लुसलुशीत, जराशी चुरगळलेली. हातात घेतली तर काही वजनच नाही. दुसरी पांढरीशुभ्र, कडेला निळ्या पट्ट्या, घडी मोडली की पापड मोडल्यासारखा आवाज. हातावर ठेवली आणि हात खाली गेला.

मी लगेच म्हणाले, "ही दुसरी."

माझा जन्म कापसाच्या मुलखातला. आमच्याकडं वेचणीला गेलेल्या बायकांची गाठोडी संध्याकाळी काट्यावर चढतात, आणि जिचं गाठोडं जड तिचं दिवसभराचं कौतुक. जड म्हणजे भरलेलं आणि भरलेलं म्हणजे चांगलं, हे मी चालायला शिकले तेव्हापासून शिकले. आता गाठोडं जड व्हावं म्हणून सकाळचा दवाचा ओला कापूस तळाशी कोण दडपतं, हेही मला ठाऊक होतं. मी स्वतः दडपलेला आहे. पण चादर हातात आली तेव्हा त्यातलं काही आठवलं नाही. मी आपली ऐटीत होते, की कापसातलं मला कळतं.

आक्का टेबलावर इस्त्री करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ती नगं गं घेऊ. खळ लई हाय तिच्यात. पाण्यात बुचकळून बघ एकडाव, मग ठरीव."

कापडवाला म्हणाला, "आक्का, भिजलेला माल मी परत नेणार न्हाई हं." मग तो कन्नडात काहीतरी बोलला. आक्का कन्नडात काहीतरी बोलल्या. दोघंही हसले, तो तर कपाळाला हात लावून हसला.

तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. ओळख दिसतेय यांची. ती लुळी चादर खपत नसेल, आक्का ती आमच्या गळ्यात मारतायत, त्यांचा त्यात काहीतरी वाटा असणार. मी जड चादर दोन्ही हातांनी धरून ठेवली. अण्णा म्हणाले, "परभणी म्हणती म्हंजे कापूसच म्हणतोय. आना चाळीस." आणि अडीनडीला म्हणून दोन जादा, त्या पाकिटासकट अण्णांनी आपल्या कपाटात ठेवल्या.

चादरी आल्या, मी खोलीत रचल्या. एका दुपारी आत गेले तर आक्का खाली बसलेल्या. मांडीवर नवी चादर, तिच्या कोपऱ्यातून त्या धागा ओढून काढत होत्या. काढला, चिमटीत धरून उलटा पीळ दिला, खिडकीकडं धरून बघितला. मग तो चष्म्याच्या डबीत ठेवला आणि दुसरा ओढला. कोपऱ्याला दशा सुटल्या होत्या.

मी त्यांना काहीच विचारलं नाही. एवढं विचारायचं धाडस असतं तर संशय राहिलाच नसता. मी सरळ अण्णांकडं गेले. म्हणाले, "आक्का नव्या चादरींचे धागे उसवतात." एवढं खरं होतं. मग म्हणाले, "संध्याकाळी पिशवीतून काय काय नेतात, तेही बघा जरा." पिशवीत मी काही बघितलं नव्हतं. ते वाक्य माझ्याकडचं.

त्या दिवसापासून आक्कांना गाद्यांच्या खोलीत यायची बंदी झाली. इस्त्रीचं टेबल मागच्या पडवीत गेलं. संध्याकाळी निघताना अण्णा गेटवर त्यांच्या पिशवीत डोकावायला लागले. मी म्हटलं, चला, बरं झालं.

मग पहिलं लग्न झालं आणि चादरी धुवायला गेल्या. आमचा धोबी किलोवर कपडे घेतो. नेताना वजन करतो, आणताना आपल्यासमोर परत वजन करतो. चाळीस गेल्या, चाळीस आल्या. मी मोजल्या, अण्णांनी मोजल्या. पण काटा बराच खाली राहिला.

"ओल्या नेल्या हुत्या काय?" अण्णांनी विचारलं.

"कोरड्याच नेल्या," धोबी म्हणाला. "तुमच्याच काट्यावर मोजल्या की."

अण्णांनी एक चादर उचलून गादीवर टाकली. डोक्याशी नीट खोचली, तर पायाशी गादी वीतभर उघडी. कापड इतकं विरळ झालेलं, की खालच्या गादीची फुलं दिसत होती. कडकपणा गेला होता, वजन गेलं होतं. अण्णांनी दुसरी टाकली, तिसरी टाकली. मग माझ्याकडं वळले.

"ह्या त्या चादरी न्हाईत."

"त्याच आहेत अण्णा. पट्ट्या बघा."

"असल्या पट्ट्या बाजारात धा दुकानात मिळत्यात. चांगल्या कुणाला दिल्यास?"

"मी कामून देऊ कुणाला?"

"किल्ली कुनाकडं असती?"

याचं उत्तर मीच होते. त्यांनी हात पुढं केला, मी कमरेची किल्ली काढून दिली. अण्णा म्हणाले, "सोमवारी मालक येत्यात. सामान बांध म्हणत न्हाय मी. पर लई पसरून बी ठेवू नगंस."

तो शुक्रवार होता. पुढचे दोन दिवस मी एकेकाला उभं करून मनात झडती घेतली. धोब्यानं बदलल्या असतील. नवरीच्या मामाची बॅग फार फुगलेली होती. अण्णांकडं दुसरी किल्ली आहे, त्यांनीच विकून माझ्यावर ढकललं नसेल कशावरून? आणि आक्का. आक्कांना कळलं असणार मी काय सांगितलं ते, त्यांनी सूड घेतला असणार. चादरीला सोडून चारजणांवर मी आळ घेतला, पण माझी निवड चुकली असेल हे एकदाही मनात आलं नाही. नवरा म्हणाला, "नको वाद. जाऊ दुसरीकडं." मुलगी तेव्हा पाचवीत होती. वहीत काहीतरी लिहीत होती, मान खालीच ठेवून म्हणाली, "परीक्षा होईपर्यंत तरी राहायचं ना आपण?"

सोमवारी सकाळी आक्का माझ्या दारात आल्या. त्याआधी कधी आल्या नव्हत्या.

"चादरी आखूड झाल्या म्हणं."

मी म्हटलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"इस्त्री मी करतो न्हवं? मला कोण सांगाय पायजे." चप्पल बाहेर काढून त्या उंबऱ्यावर बसल्या. "माझ्या पिशवीचं तूच सांगितलीस न्हवं अण्णाला?"

हो म्हणायला जीभ उचलली नाही आणि नाही म्हणायचीही सोय नव्हती.

"ऱ्हाऊ दे. अण्णाच्या कपाटात दोन कोऱ्या हाईत का अजून?"

"आहेत. पाकिटातल्या."

"मग रडत काय बसलीस. चल तोंड धू."

मी विचारलं, "आक्का, तुम्ही कशाला मधे पडता?" खरं तर मला कळत नव्हतं यात त्यांना काय मिळणार.

त्या म्हणाल्या, "खोटा आळ कसा लागतोय ते म्हाईत झालंया मला ह्या महिन्यात. तुला बी लागू दे म्हणून बघत बसू व्हय?"

मालक अंगणात खुर्चीवर चहा घेत होते. आक्कांनी त्यांना सांगितलं की चादरी बदललेल्या नाहीत, आणि ते त्यांच्या डोळ्यादेखत दाखवते. अण्णांना म्हणाल्या, "तुमच्या कपाटातली, तुमच्या किल्लीनं, तुमीच काढा. पाकिटाला मी हात लावणार न्हाय." अण्णांनी पाकीट आणून फोडलं. चादर फरशीवर अंथरली आणि टेपनं मापली. मालकांनी विचारलं, "आक्का, तुम्ही मागावरच्या, वितीनं मापत नाही का?"

"माझी वीत म्हातारी झालीया. टेपच बरी."

मग आक्कांनी चादरीची एक घडी अण्णांच्या मोटरसायकलच्या काळ्या सीटवर चांगली घासली. सीटवर पांढरी भुकटी पडली, भाकरीच्या पिठासारखी. अण्णा पहिल्यांदा आपल्या सीटकडं बघत राहिले, मग चादरीकडं. आक्कांनी कोमट पाणी टबात घेऊन चादर बुडवली, पायानं तुडवली. पाणी पेजेसारखं झालं. दुसऱ्या पाण्यालाही तेच, तिसऱ्याला जरा निवळ. मालक म्हणाले, "मीठ घातलं तर पिता येईल की हो." आक्का हसल्या, मी नाही हसले.

चादर दोरीवर पडली. डिसेंबरचं ऊन, वाळायला फार वेळ लागणार नव्हता, पण तेवढ्या वेळात माझं मन परत कामाला लागलं. नाही आटली तर? आक्कांना आधीच माहीत असेल की आटणार नाही, आणि मालकांसमोर मला उघडं पाडायलाच त्या आल्या असतील तर? माझ्यासाठी त्या गुडघ्यापर्यंत पाण्यात उभ्या राहिल्या होत्या, पाय पुसत होत्या, आणि मी त्यांच्याबद्दल हा विचार करत होते.

वाळलेली चादर अण्णांनीच मापली. एका वितीला दोन बोटं कमी, एवढी आत आली होती. मालकांनी उठून ती चाळीसातल्या एकीवर पसरली. काठाला काठ लागला.

"म्हणजे चादर तीच," मालक म्हणाले. "माल खोटा."

अण्णा एवढ्यावर थांबणारे नव्हते. "पर निवडली तिनं मालक. कापडवाल्याकडनं काय घेतलं नसंल कशावरनं?"

"घेतलं असतं तर पळून गेली असती की वं," आक्का म्हणाल्या. "तीन दिस डोळं सुजवून बसली असती व्हय?"

"डोळं कुणाचं बी सुजत्यात."

तेव्हा मी बोलले. "निवड माझीच होती. आक्का पाण्यात घालून बघ म्हणाल्या होत्या. मी ऐकलं नाही. जड लागली म्हणून घेतली." मालकांनी अण्णांना किल्ली परत द्यायला सांगितली, आणि म्हणाले, इथून पुढं आक्कांनी भिजवून बघितल्याशिवाय कापडाचा तुकडा आत येणार नाही.

चाळीस चादरी टाकून देता येणार नव्हत्या. आक्का म्हणाल्या, पायाशी पट्टी जोडू. पुढचा पंधरवडा आम्ही दोघी पडवीत बसून पट्ट्या जोडत होतो, आणि चादर म्हणजे काय ते मला तिथं कळत गेलं. आक्का शिकवायला म्हणून बसत नसत. टाके घालता घालता काहीतरी बोलायच्या.

धागे का काढत होत्या, ते मी चौथ्या की पाचव्या दिवशी विचारलं. त्यांनी चष्म्याची डबी उघडली, त्यातला एक धागा घेऊन पीळ सोडवला आणि हलकेच ओढला. धागा न तुटता पसरला, आणि आतले तंतू सुटे झाले, पापणीच्या केसांएवढे. मग आपल्या जुन्या लुगड्याच्या पदराचा एक धागा काढून तसाच सोडवला. त्यातले तंतू बोटाच्या पेरापेक्षा लांब होते. "आखूड कापसाचं सूत हाताला हात धरत न्हाय," त्या म्हणाल्या. "धुतलं की बाहेर येतंय. मग त्येच्या गोळ्या हुत्यात अन् अंगाला टोचत्यात." मी लहानपणापासून कापूस वेचला, पण बोंडातला तंतू ओढून कधी किती लांब आहे बघितला नव्हता. आमच्याकडं काटा बघायचा असतो.

चादर खिडकीला लावून बघायची, ही त्यांची दुसरी सवय. उजेड सगळीकडून सारखा आला पाहिजे. जिथं ढग आणि उघडीप दिसते, तिथं विणणाऱ्यानं आडवे धागे चोरलेले असतात. सुई टेकवून नखाच्या रुंदीत उभे किती, आडवे किती, ते मोजायचे, आणि दोन्ही जवळपास सारखे हवेत. नुसते उभे दाट घालून आडव्यात हात आखडता घेतला की चादर लांबीला टिकते आणि रुंदीला फाटते. "आकडा मोठा सांगत्यात दुकानात," त्या म्हणायच्या, "पर एकाच धाग्यात दोन बारीक धागं पिळून तेच दोनदा मोजत्यात." हे ऐकून मला बरं वाटलं. जगात संशय घेणारी मी एकटी नव्हते. फरक एवढाच, की आक्का कापडावर संशय घ्यायच्या आणि त्याला हात लावून, भिजवून, उसवून फेडून घ्यायच्या. मी माणसांवर घ्यायची आणि तसाच सांभाळून ठेवायची.

चांगली चादर ताग्यातून कात्रीनं कापत नाहीत, फाडतात. फाडली की धाग्याच्या रेषेत फाटते, मग कितीही धुतली तरी चौकोन चौकोनच राहतो. आमच्या चाळीस चादरी कात्रीच्या होत्या, धुतल्यावर एकेकीचा कोपरा पतंगासारखा निघाला होता. आणि दुकानातला मऊपणा खरा धरायचा नाही, कडकपणाही खरा धरायचा नाही. दोन्ही लावता येतात. पाचव्या-सहाव्या धुण्यानंतर जी हाताला अधिक भरते ती चादर. नवी असताना तिच्याबद्दल काहीच सांगू नये.

कापडवाल्याशी कन्नडात काय बोलून हसलात, तेही एकदा विचारलं. आक्कांना आठवावं लागलं. "त्यो म्हणाला, आक्का, माल एक नंबर हाय. मी म्हटलं, व्हय बाबा, थोडा चुलीवर टाक, भाकरी हुतीया का बघू." त्या एवढ्यासाठी मी महिनाभर जळत होते.

त्यानंतर कार्यालयात ती लुळी, हलकी चादर आली. अजून तीच आहे. लग्नघरातली म्हातारी माणसं सकाळी उठून म्हणतात, झोप चांगली लागली. मी मान डोलावते आणि नजर त्यांच्या बॅगांवर ठेवते, ती सवय काही गेली नाही. मुलगी आता आठवीत आहे. पुढच्या वर्षी ती माझ्यापेक्षा एक इयत्ता पुढं जाईल.

आणि संध्याकाळी आक्का निघाल्या की अण्णा अजून गेटजवळ येतात. गाद्यांच्या खोलीची बंदी त्या सोमवारीच उठली, पिशवीचं मात्र कुणी काही बोललं नाही. आता अण्णा काही म्हणतही नाहीत. आक्का आपणहून पिशवीचं तोंड उघडून धरतात, आत डबा, पाण्याची बाटली, चष्म्याची डबी. अण्णा बघतात, "या" म्हणतात, त्या जातात. जाताना मला हात करतात. मी मालकांसमोर निवडीची चूक कबूल केली, पण पिशवीचं वाक्य माझं होतं हे कबूल केलं नाही. किल्ली नुकतीच हातात आली होती. मग आठवडा गेला, मग वर्ष गेलं, आणि दरवर्षी वाटत राहिलं की आता सांगितलं तर अण्णा विचारतील, जी बाई तेव्हा खोटं बोलली तिच्या कमरेला किल्ली कशी? मुलीची एवढी शाळा होऊ दे, मग सांगेन, असं मी मनाला सांगते. हे कारण आहे की सबब, ते आक्कांनीच सांगावं, त्यांना धाग्यातलं कळतं.

आक्का, तुमचं मी देणं लागते. एक दिवस संध्याकाळी मी खाली येईन, गेटवर तुमच्या शेजारी उभी राहीन, तुमच्या पिशवीचं तोंड माझ्या हातानं बंद करीन आणि अण्णांना सांगेन की यात मी कधीच काही बघितलं नव्हतं. किल्ली मागितली तर देईन. एवढं फेडल्याशिवाय मी निपाणी सोडणार नाही.